डब्यावरची सुतळी

आधी चहा घ्या, निवतोय. आणि माझ्या अंगठ्याकडे असं टक लावून बघू नका, सांगतो. नाहीतरी कुरुळीपासून महाळुंग्यापर्यंत सगळ्यांना कळलंय, तुम्हीच तेवढे राहिलात. फक्त एक अट आहे. हसायचं ते शेवटी. मधेच कुणी फिदीफिदी केलं तर मी उठून जाईन, कारण त्या दिवशी मी मरत होतो राव! म्हणजे मला तसं वाटत होतं. पण मरणाऱ्या माणसाला त्यात काय फरक पडतो हो?

मी चाकणला कंपनीत प्रेस शॉपला आहे, पत्र्याचे पार्ट काढतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण मी नुसता ऑपरेटर नाही. सेफ्टी मार्शल! हिरवं जाकीट, गळ्यात शिट्टी. रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्या शॉपला रांगेत उभं करून सुरक्षेची शपथ मी देतो. कुणाचे हातमोजे नसले की मी ओरडतो. कुणाच्या बुटाची लेस सुटलेली दिसली की मी शिट्टी मारतो. लोक मागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, इथे वहिनी बसल्यात म्हणून सांगत नाही.

तर गेल्या वर्षी कंपनीने जाहीर केलं, ज्या शॉपमध्ये वर्षभर एकही अपघात होणार नाही, त्या शॉपच्या प्रत्येक कामगाराला एक मिक्सर. चांगला, तीन भांड्यांचा! आमच्या शॉपने वर्ष काढलं. कसं काढलं ते आमचं आम्हाला ठाऊक. खरचटलं तरी अपघात, हा नियम मीच सगळ्यांकडून पाठ करून घेतला होता. त्यामुळे माणसं पत्र्याला तान्ह्या बाळासारखा हात लावायची.

आता माझ्या घरची गोष्ट. बायको, स्नेहल, सातव्या महिन्यात. ती कोकणातली, खाडीकाठची, आणि मी बीडचा. तिच्याकडे ओल्या नारळाच्या वाटणाशिवाय पान हलत नाही. आणि आमचा जुना मिक्सर! चालू केला की आधी ठिणगी, मग जळका वास, मग अख्ख्या चाळीची लाइट जाते. त्यात तिला डोहाळे लागलेले, रोज काहीतरी माहेरचं खावंसं वाटायचं. ती म्हणायची, "मिक्सर आला ना, की मी तुम्हाला असं काही करून घालते, बघाच." मी म्हटलं, "आणतो! तुझा नवरा मार्शल आहे."

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारच्या जेवणाआधी कार्यक्रम, हेड ऑफिसचे पाहुणे येणार, मिक्सरचे खोके आदल्या दिवशीच कॅन्टीनमध्ये रचून ठेवलेले. मी पहाटे उठून जाकिटाला इस्त्री केली. तेवढ्यात स्नेहल म्हणाली, "नाशिकला जाणारी गाडी फाट्यावर थांबेल. आईने ड्रायव्हरकडे डबा दिलाय. तेवढा घेऊन घरी आणून द्या, मग जा कंपनीत."

"काय आहे डब्यात?"

"तुम्हाला काय करायचंय? संध्याकाळी कळेल."

मला वाटलं, लोणचं असेल. सासूबाईंचं लोणचं म्हणजे लोणचं! गेलो फाट्यावर. गाडी आली उशिरा. ड्रायव्हरने खिडकीतून प्लास्टिकचा डबा दिला, रंगाचा असतो ना तसला, कडी असलेला, जड. झाकणाला बारीक बारीक भोकं, आणि वरून सुतळीने करकचून बांधलेला. घरी जाणार तर समोरून कंपनीची बस! शेवटच्या दिवशी मार्शल उशिरा? शक्यच नाही. चढलो डब्यासकट.

गेटवर डबे-पिशव्या उघडून बघतात. पण वॉचमनने माझं जाकीट बघितलं आणि सलाम ठोकला. मीही ठोकला आणि तसाच आत गेलो. हे लक्षात ठेवा, हे मला नंतर फार महागात पडलं.

डबा ठेवला कपडे बदलायच्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनच्या कडेला, कारण तो जरा ठिबकत होता. ठेवला आणि माझी नजर गेली सुतळीवर. तिचं टोक वीतभर लोंबत होतं. आता आमच्या कंपनीत फाइव्ह एस नावाचा प्रकार आहे. प्रत्येक वस्तू जागेवर, काही सांडलेलं नको, काही लोंबतं नको. लोंबत्या सुतळीत कुणाचा पाय अडकला तर? तेही आजच्या दिवशी? माझ्यातला मार्शल जागा झाला. गाठ सोडली, सुतळीची छान गुंडाळी केली आणि ठेवली खिशात. झाकणावर दोन टपल्या मारल्या. वा, दत्ता, वा!

शपथ झाली, काम सुरू झालं. चहाची सुट्टी व्हायच्या जरा आधी कमलमावशी पळत आल्या. या आमच्याकडे साफसफाई करतात, ठेकेदाराच्या, मूळच्या महाळुंग्याच्या. हातात झाडू, पदर खोचलेला.

"अवं मार्शल, बेसिनखाली साप हाय! ह्यो एवढा!"

साप! तुम्हाला सांगतो, मला सरपटणाऱ्या प्रत्येक वस्तूची भीती वाटते. गांडूळ दिसलं तरी मी रस्ता बदलतो. पण गळ्यात शिट्टी असली की माणसाला मागे फिरता येत नाही हो.

मी पळत गेलो. मागोमाग बापू. बापू म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीत राहतो आणि शेजारच्याच मशीनवर असतो. बेसिनखाली जी पाणी जायची नाली आहे, तिच्यावरची जाळी सरकलेली, आणि त्या नालीच्या गाळात तो होता. सायकलच्या ट्यूबएवढा जाड, मातकट, बुळबुळीत, हातभर तरी बाहेर. इवलेसे डोळे. आणि भयंकर गोष्ट म्हणजे तो उलटा चालला होता! शेपटीकडून गाळात घुसत होता, तोंड आमच्याकडे करून. जबडा उघडत होता, मिटत होता.

"उलटा जाणारा साप!" बापू कुजबुजला. "असला तर मी बघितलाच नाही."

"जास्त विषारी असेल," मी म्हटलं. कशावरून म्हटलं? देव जाणे. पण मार्शलने काहीतरी म्हणायलाच हवं ना.

मी शिट्टी मारली. पिवळ्या-काळ्या पट्ट्या बांधल्या. सगळ्यांना मागे हटवलं. मोठ्या आवाजात सूचना दिल्या, "कुणीही जवळ जाणार नाही! कुणीही हात लावणार नाही! सर्पमित्राला फोन करा!" सगळं कसं नियमाप्रमाणे चाललं होतं. हातात चामड्याचे हातमोजे होते, पायात सेफ्टी शूज. मग माझ्या डोक्यात आलं, याचा फोटो पाहिजे. अपघात होता होता टळला की आम्ही फोटोसकट कळवतो. आजच्या पाहुण्यांसमोर मार्शलने काढलेला सापाचा फोटो! छाती किती फुगेल, सांगा.

पण हातमोजा घातला की मोबाइलला बोट लागत नाही. म्हणून मी काढला उजवा हातमोजा. फोटोत तोंड नीट येईना, म्हणून वाकलो. अजून वाकलो. आणि त्याने फटकन माझा अंगठा धरला.

आई गं!

हात झटकला. मोबाइल एकीकडे, साप एकीकडे आपटला. कमलमावशींनी तेवढ्यात त्याच्यावर बादली पालथी घातली आणि वर पाय देऊन उभ्या राहिल्या. मी अंगठा बघितला. बारीक बारीक छिद्रं, आणि त्यातून रक्त.

खोलीत आता मी, बापू आणि मावशी, तिघंच. बाकीचे पट्टीच्या पलीकडे, मीच पाठवलेले. बापूने रक्ताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग, मला चांगलं आठवतंय, भिंतीपलीकडे कॅन्टीन आहे, तिकडे बघितलं.

"दत्ताभाऊ, चावलं, का नुसतं लागलं?"

"रक्त आलंय रे!"

"रक्त पत्र्यानेही येतं."

"पत्र्याने आलं तरी अपघातच की!"

"मग ते घरूनच लागून आलं असेल." बापूचा आवाज रडकुंडीला आलेला. "भाऊ, राग नको मानू. पण तुला गेटपर्यंत चालवेल का? गेटच्या बाहेर गेल्यावर चावला असं म्हटलं तर? आई सकाळपासून पुरणाची डाळ भिजवून बसलीय रे, मिक्सरसाठी."

तुम्हाला वाटेल, कसला हा मित्र! पण खरं सांगू? मी त्याच्यावर चिडलो नाही. कारण तोच विचार माझ्याही डोक्यात चालू होता. बाहेर सगळा शॉप उभा होता. वर्षभर ज्यांच्यावर मी शिट्ट्या मारल्या, ती माणसं. मी तोंड उघडलं की फळ्यावरचे बिनअपघाताचे दिवस पुन्हा शून्य, आणि खोके परत गाडीत. आणि नाही उघडलं तर? स्नेहल सातव्या महिन्यात. पोराचं तोंडही न बघता मी जायचं? मिक्सरपायी?

मी बाकावर बसलो. खिशातून रुमाल काढला आणि मनगटाला आवळला. सापाच्या चाव्यावर काय करायचं हे मी दर महिन्याला शिकवतो बरं का! बांधू नका, पळू नका, घाबरू नका, शांत पडून राहा, लगेच दवाखान्यात न्या. मी बांधलं, दाताने गाठ आवळली, खोलीत इकडून तिकडे पळालो, नळाखाली तोंड लावून पाणी प्यालो आणि परत पळालो.

आरशात बघितलं. पापणी जड वाटत होती. विषाने पापणी खाली येते, मीच शिकवतो. पहाटे उठलो होतो म्हणूनही येते, पण ते तेव्हा कुणाला सुचतंय? जीभ कोरडी पडली. आणि मग बोटांकडे लक्ष गेलं. राव, बोटं काळीनिळी पडत चालली होती! माझ्या डोळ्यांदेखत विष चढत होतं.

खाली पडलेला मोबाइल उचलून मी स्नेहलला फोन लावला. ठरवलं होतं, काही सांगायचं नाही, तिची अवस्था अशी. फक्त आवाज ऐकायचा.

"स्नेहल, जेवलीस का गं?"

"आत्ता? दहाच तर वाजतायत. डबा कुठाय? घरी का नाही आणून दिलात?"

"डब्याचं सोड. तू नीट राहा. पोराला सांभाळ. चिडचिड करू नकोस."

"तुम्हाला काय झालंय? आधी सांगा, डबा सावलीत ठेवलाय ना? आईने किती कष्टाने पाठवलंय!"

मी इकडे शेवटचे शब्द बोलतोय आणि हिचं लक्ष लोणच्यात! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रागाने का दुःखाने, अजून कळलेलं नाही. फोन ठेवला आणि बापूला म्हटलं, "चल. गेटच्या बाहेर जाऊ. जाता जाता मेलो तर मला उचलून बाहेर टाक."

बापू हुंदका देऊन म्हणाला, "टाकतो, भाऊ."

तेव्हा बादलीवर पाय देऊन उभ्या असलेल्या कमलमावशी कडाडल्या, "मिक्सर गेला खड्ड्यात! मानूस मराया लागलाय आन तुमी गेट कसलं मोजताय?"

"मावशी, सगळ्यांचा मिक्सर जाईल हो," बापू म्हणाला.

"जाऊ दे की! मी ठेकेदाराची. मला मिक्सर न्हाई न काय न्हाई. म्हणूनच माझं डोस्कं ठिकाणावर हाय." आणि बापूला बादलीवर उभं करून त्या गेल्या आणि त्यांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

भोंगा! असा भोंगा की प्रेस बंद, लाइन बंद, अख्खी कंपनी मैदानात. आणि मैदानात कोण? नुकतेच गाडीतून उतरलेले हेड ऑफिसचे पाहुणे, गळ्यात हार, हातात नारळ. त्यांच्यासमोरून माझं स्ट्रेचर निघालं. आमचा शॉप दोन्ही बाजूंना उभा. कुणी हात जोडले. कुणी डोळे पुसले. पण कॅन्टीनच्या खिडकीतून खोके दिसत होते, आणि प्रत्येकाचा एक डोळा माझ्यावर आणि एक खोक्यांवर होता. मी स्ट्रेचरवरून हात बाहेर काढून कुणाचा तरी हात धरला आणि म्हटलं, "माफ करा रे!" तो हात पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा निघाला.

ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या शेजारी आमचे सेफ्टी ऑफिसर पाटणकर साहेब, आणि पायाशी बापू, मांडीवर झाकणाची बादली. डॉक्टरला दाखवायला साप मावशींनी झाडूने तिच्यात ढकलून दिलेला. बादलीतून धपधप आवाज येत होता. चाकणचा तो ट्रॅफिक! पुढे कंटेनर, मागे कंटेनर. मी डोळे मिटून मनातल्या मनात पोराचं नाव ठरवत होतो. मुलगा झाला तर माझंच नाव ठेवा, असं सांगायला तोंड उघडलं, पण जीभ हलेना. हलेना म्हणजे, कोरडी होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी माझा हात बघितला, मग कात्री घेतली आणि रुमाल कापला.

"हा कुणी बांधला?"

"मी," मी क्षीण आवाजात म्हटलं. "डॉक्टर, विष कुठपर्यंत चढलंय? बोटं काळी पडलीत."

"बोटं रुमालाने काळी पडलीत. अजून थोडा वेळ ठेवला असता तर हाताची वाट लागली असती. साप कुठाय?"

बापूने बादली पुढे केली. डॉक्टरांनी झाकण किलकिलं केलं. बघितलं. पूर्ण उघडलं. मग नॅपकिनने त्याला डोक्यामागे धरून वर उचललं. बापू खुर्चीवर चढला. मी डोळे मिटले.

"याला कल्ले आहेत," डॉक्टर म्हणाले. तेही कोकणातलेच निघाले.

"म्हणजे?"

"म्हणजे मासा आहे हा. पाठीवर पर बघा, बारीकशी पट्टी. वाम आहे, सापासारखी दिसणारी. आमच्या खाडीला असते, वर गोड्या पाण्यातही जाते, भातखाचराच्या चिखलात शेपटीकडून घुसून बसते. तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, काय होतं हिचं!" मग त्यांनी चष्मा वर केला. "पण ही चाकणला कशी आली?"

मासा? मला मासा चावला होता? मी उठून बसलो. पापणी हलकी झाली, जीभ ओली झाली, बोटं गोरीपान! धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं तेव्हा मी ओरडलो ते मात्र खरं दुखलं म्हणून.

"अपघात नाही!" बापू नाचायला लागला. "साप नाही, विष नाही, टाका नाही! साहेब, नाही ना?"

पाटणकर साहेब म्हणाले, "ते कारण शोधल्यावर ठरवू. परत चला. पाहुणे थांबलेत."

आणि इथे, मित्रांनो, मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. गप्प बसायचं ना! पण मेलेला माणूस जिवंत झाला की त्याला फार चढते. कॅन्टीनमध्ये सगळा शॉप, पाहुणे, खोके, सगळे समोर. मीच पुढे झालो. आमच्याकडे काहीही घडलं की 'का' विचारायचं, उत्तर आलं की त्याच्यावर पुन्हा 'का', असं करत मुळापर्यंत जायचं. पद्धतच आहे ती, आणि शॉपमध्ये ती चालवतो मी. घेतला मार्कर, बांधलेल्या अंगठ्यानेच.

"मासा का चावला? कारण तो नालीत होता. नालीत का होता? कारण तो कंपनीत आला. कंपनीत का आला? चाकणला खाडी आहे का? नाही! म्हणजे कुणीतरी आणला!" माझा आवाज चढत गेला. "कोण आहे तो बेजबाबदार माणूस? गेटवर तपासणी झाली नाही का? एवढ्या लोकांच्या वर्षाच्या मेहनतीशी खेळतो? लाज वाटायला पाहिजे! ज्याने आणला त्याने हात वर करावा!"

आणि मागून कमलमावशी आल्या. हातात रिकामा डबा, झाकणाला बारीक बारीक भोकं.

"मार्शल, ह्यो तुमचाच ना? सकाळी तुमीच ठिवला बेसिनपाशी. आत नुस्ता चिखुल हाय."

काय सांगू! त्या क्षणी सकाळपासूनचं सगळं डोळ्यांसमोरून गेलं. ठिबकणारा डबा. भोकं. सावलीत ठेवलाय ना. डोहाळे. लोणच्याला कशाला भोकं पाहिजेत रे गाढवा!

पाहुण्यांपैकी एक बाई होत्या, शांतपणे म्हणाल्या, "झाकण उघडं का राहिलं?"

मी खिशात हात घातला. सुतळीची गुंडाळी बाहेर काढली. छान गोल गुंडाळलेली.

"सुतळी का काढली?"

"लोंबत होती मॅडम," मी म्हटलं. "फाइव्ह एस."

शॉप असा हसला की पत्रे थरथरले. हसा आता तुम्हीही, दिली परवानगी.

मॅडमनी निकाल दिला. मलमपट्टीवर भागलं, म्हणून अपघात धरायचा नाही, मिक्सर सगळ्यांना. एक सोडून. गेटवर न दाखवता डबा आणणारा आणि हातमोजा काढून मरणाचा फोटो काढणारा मार्शल, त्याचा खोका त्यांनी उचलला आणि कमलमावशींच्या हातात दिला, कारण अख्ख्या कंपनीत भोंगा वाजवायची अक्कल त्यांना एकट्यांनाच होती. टाळ्या सगळ्यात मोठ्याने बापूने वाजवल्या. मीही वाजवल्या, डाव्या हाताने जमेल तशा. मावशी खोका छातीशी धरून रडत होत्या, आणि मला, खोटं नाही सांगत, जरा बरंच वाटलं.

संध्याकाळी घरी गेलो. एका हातात डबा, आत वाम, वर पुन्हा सुतळी. सगळं सांगितलं. स्नेहल आधी हसली, मग रडली, मग माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. "मला का नाही सांगितलंत? मरायला निघालात आणि विचारता काय, जेवलीस का?"

"आणि तू का नाही सांगितलंस डब्यात काय आहे ते?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हात तरी लावला असता का डब्याला?"

मी डबा हातभर लांब धरून तिच्यापुढे केला.

मग तिने पाटा पुढे सरकवला. भिंतीपलीकडून बापूच्या नव्या मिक्सरचा घर्रर्र आवाज येत होता, पुरण वाटलं जात होतं. आणि अलीकडे मी मांडी घालून ओलं खोबरं आणि लाल मिरच्या वाटत होतो. सातव्या महिन्यात ती थोडीच वाटणार! थोडा वेळ बरं चाललं. मग अंगठ्याची पट्टी भिजून सुटली, आणि मिरची थेट जखमेत गेली.

मी जो ओरडलो, त्याने मिक्सर बंद पडला. पलीकडून बापू ओरडला, "भाऊ, आता काय चावलं?"

आणि स्नेहलने चुलीवरून मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मार्शल ना तुम्ही? मग हातमोजे का नाही घातले?"